भरवसा कुणावर ठेवायचा आणि कुणाचा नाही म्हणायचा

माझी एक विद्यार्थिनी मूळची लखनौची. पुण्यात घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेण्याचं काम करते. मराठी ती मनापासून शिकली आणि आता छान बोलते. एका घरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा होते. आज अगदी उत्साहाने व्यायाम करायचे, उद्या "आज नको गं" म्हणून पांघरूण ओढायचे. एकदा निघताना सुनेने दारात विचारलं, "काय म्हणतायत आमचे बाबा? जमतंय का?" हिने हसत उत्तर दिलं, "आजोबांचा काही भरवसा नाही हो!"

सुनेचा चेहरा उतरला. आतल्या खोलीतून मुलगा बाहेर आला. "म्हणजे? डॉक्टर काही बोलले का तुमच्याशी?"

हिला म्हणायचं होतं की आजोबा कधी व्यायाम करतील आणि कधी टाळतील याचा नेम नसतो. घरच्यांनी ऐकलं ते असं, की आजोबा आता फार दिवसांचे सोबती नाहीत. मराठी घरात म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाबद्दल 'भरवसा नाही' म्हटलं की पहिल्यांदा मनात येतो तो हाच अर्थ. बिचारी घरी पोचायच्या आत मला फोन करून विचारत होती, "शब्द चुकला का व्याकरण?" दोन्ही चुकलं नव्हतं. चुकली ती जागा. हा शब्द वाक्यात कुठे आणि कुठल्या प्रत्ययाला धरून बसतो, त्यावर त्याचा सगळा अर्थ ठरतो. मराठीत नव्याने बोलू लागलेल्यांनी भरवसा हा शब्द कसा शिकावा, ते म्हणूनच ओळीने सांगतो. शब्दकोशातला अर्थ एका ओळीचा आहे, वापर मात्र पुष्कळ मोठा आहे.

पहिली पायरी: रूप तोंडात बसवा

भरवसा पुल्लिंगी आहे. तो भरवसा, माझा भरवसा, केवढा भरवसा. बोलताना 'व' पुरता उच्चारला जात नाही, 'भरव्‌सा' असं काहीसं ऐकू येतं.

पुढे प्रत्यय लागला की 'सा'चा 'शा' होतो: भरवशाचा, भरवशावर, भरवशाने. हे काही या एकाच शब्दाचं वैशिष्ट्य नाही. पैसा-पैशाला, घसा-घशात, आरसा-आरशात, कोळसा-कोळशाची, ससा-सशाचे हे सगळे याच घरातले. 'सा'ने संपणारा पुल्लिंगी शब्द दिसला की डोळे मिटून 'शा' करा. लिहितानाही 'शा'च लिहायचं, 'श्या' नाही. भरवश्यावर, पैश्याला ही रूपं पाट्यांवर आणि मेसेजमध्ये खूप दिसतात, पण मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखननियम १९६२ पासून चालत आले आहेत, त्यांत 'शा'च आहे. जुन्या पुस्तकांत भरंवसा असा अनुस्वारही दिसेल. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्याच नियमांनी गेले, त्यामुळे आज अनुस्वाराशिवाय लिहा, पण जुना छापील शब्द दिसला तर गोंधळू नका, तो हाच.

आणखी एक बारकावा कानाने पकडायचा आहे. 'भरवशाचा माणूस' म्हणताना 'चा' चमच्यातल्या 'च'सारखा, जीभ दातांना लागून येतो. 'भरवशाची बाई' म्हणताना 'ची' मात्र चिमणीतल्या 'चि'सारखी. बाहेरून आलेला माणूस दोन्हीकडे चिमणीचाच 'च' वापरतो आणि तिथेच ओळखू येतो. लाज वाटायचं कारण नाही, ऐकत राहिलं की आपोआप बसतं.

आणि 'भरोसा'? विदर्भात तो सर्रास चालतो, मुंबईतही. "त्याचा काई भरोसा नाई" हे नागपूरकडचं वाक्य पूर्णपणे मराठी आहे, त्याला कुणी हिंदी म्हणू नये. लिहिताना आणि इतर भागांत बोलताना भरवसा वापरा, एवढंच. 'भरोसेमंद' मात्र मराठी नाही. जाहिरातींच्या भाषांतरातून तो येत असतो, तुम्ही त्याला थारा देऊ नका, 'भरवशाचा' आहे आपल्याकडे.

दुसरी पायरी: क्रियापद बरोबर निवडा

भरवसा मराठीत *ठेवायचा* असतो, करायचा नसतो. हिंदीतून आलेला माणूस "मी तुझ्यावर भरवसा करतो" म्हणतो. अर्थ कळतो, पण कानाला खडा लागतो. "मी तुझ्यावर भरवसा ठेवला" हे आपलं वाक्य. एखादी जड वस्तू कुणाच्या हातात ठेवावी तसा तो ठेवला जातो. विश्वासाचंही तसंच, 'विश्वास करा' नाही, 'विश्वास ठेवा'.

असण्याच्या बाबतीत मालक कोण ते बघा. "माझा त्याच्यावर भरवसा आहे." इथे 'माझा', 'मला' नाही. पण क्रियापद 'वाटणे' आलं की 'मला' येतं: "मला तिचा भरवसा वाटतो." ही दोन वाक्यं रोज एकदा मोठ्याने म्हणा, आठवड्याभरात जीभ वळेल.

'भरवसा देणे' म्हणजे होईल असं सांगून निश्चिंत करणे. बोलण्यात हे कमी येतं, लिहिण्यात जास्त.

तिसरी पायरी: 'वर' आणि 'चा' यांतला फरक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात शंभरातल्या बहुतेक चुका इथेच होतात.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

"माझा सुरेशवर भरवसा नाही."
"सुरेशचा काही भरवसा नाही."

पहिलं वाक्य माझ्याबद्दल आहे. मी त्याच्यावर विसंबायला तयार नाही, काहीतरी घडलंय, मन दुखावलंय. हे कडक वाक्य आहे. सुरेशच्या कानावर गेलं तर त्याला लागेल, आणि लागावं म्हणूनच ते बरेचदा म्हटलं जातं.

दुसरं वाक्य सुरेशच्या स्वभावाबद्दल आहे. तो कधी काय करेल सांगता येत नाही. यात राग असेलच असं नाही. उलट कौतुकही असू शकतं: "वैशूमावशीचा काही भरवसा नाही, म्हणेल येत नाही आणि सकाळी सहाला पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दारात उभी!" इथे वैशूमावशी सगळ्यांची लाडकी आहे. हे वाक्य तिच्या तोंडावर म्हणता येतं, तीही हसेल.

निर्जीव गोष्टींना 'चा'च लागतो. पावसाचा भरवसा नाही, लोकलचा भरवसा नाही, या रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. "माझा पावसावर भरवसा नाही" असं कुणी म्हणत नाही. आपला शब्द पाळायचा की नाही हे पाऊस ठरवत नसतो.

आता आजोबांचं वाक्य पुन्हा बघा. 'चा' माणसाला लागतो तेव्हा त्या माणसाचं काय अनिश्चित आहे ते ऐकणारा परिस्थितीवरून ठरवतो. सुरेश धडधाकट आहे, म्हणून त्याचं वागणं अनिश्चित. आजोबा आजारी आहेत, म्हणून त्यांचं आयुष्यच अनिश्चित. वाक्य तेच, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ ते वेगळं होतं. त्यामुळे हा नियम कायमचा लक्षात ठेवा: वयस्कर, आजारी, दवाखान्यात असलेल्या माणसाच्या नावाला थेट 'चा भरवसा नाही' जोडायचं नाही. खरोखर तो अर्थ सांगायची वेळ आली तरी बाहेरच्या माणसाने ते बोलू नये. घरचे बोलतील, हळू आवाजात.

मग तिने काय म्हणायला हवं होतं? उपाय सोपा आहे. भरवसा माणसाला न जोडता त्याच्या कामाला जोडायचा. "आजोबांच्या व्यायामाचा काही भरवसा नाही हो, आज करतात, उद्या टाळतात." बस. एक शब्द मध्ये आला आणि वाक्य निर्धोक झालं. हे तुम्हाला सगळीकडे उपयोगी पडेल. त्याचा भरवसा नाही म्हणण्यापेक्षा त्याच्या *येण्याचा* भरवसा नाही म्हणा. साहेबांचा भरवसा नाही म्हणण्यापेक्षा साहेबांच्या *वेळेचा* भरवसा नाही. ऑफिसात तर हे फारच कामाचं आहे, कारण माणूस दुखावत नाही आणि सांगायचं ते सांगून होतं.

"काय भरवसा!" हा एक छोटा उद्गारही उचलून ठेवा. प्रश्नासारखा दिसतो, पण उत्तराची अपेक्षा नसते. "छत्री घे. काय भरवसा!" एवढं पुरतं.

चौथी पायरी: '-च्या भरवशावर'

ही रचना मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे, कारण ती कळली की मराठी माणसं एकमेकांशी कशी बांधलेली असतात ते कळतं.

कुणाच्या तरी भरवशावर आपण काहीतरी करतो. कोरडवाहू शेतकरी पावसाच्या भरवशावर पेरणी करतो. गावातली मुलगी एसटीच्या भरवशावर तालुक्याच्या कॉलेजात नाव घालते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती शाळा-कॉलेजांचे, बाजारांचे, दवाखान्यांचे दिवस तिच्या भरवशावर ठरत आले आहेत. खेड्यात मुक्कामी गाडी असते. रात्री शेवटची येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून सुटते. ती गाडी रात्री गावात आली की सकाळी निघणार हे सगळ्यांना माहीत असतं, आणि परीक्षेला जाणारी पोरं त्याच हिशोबाने गजर लावून झोपतात. 'भरवशावर' या शब्दाचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

शहरात ही रचना तुम्हाला कुठे ऐकू येईल? शेजारी गावाला निघालेत. हातात किल्ली देत म्हणतात, "तुमच्या भरवशावर घर टाकून चाललोय हं." घाबरू नका, 'टाकून' म्हणजे फेकून नाही, मागे ठेवून. आणि हे नुसतं सांगणं नाही, ही जबाबदारी आहे. कुंड्यांना पाणी, दाराशी आलेलं पार्सल, रात्री दिवा लावणं, हे सगळं न सांगता त्या एका वाक्यात आलं. याचं उत्तर काय द्यायचं ते शेवटी सांगतो.

उलट दिशेने हीच रचना तक्रार होते. "तुझ्या भरवशावर मी त्यांना हो म्हटलं होतं." हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर समजा की तुमच्याकडून काम राहिलंय आणि समोरच्याला दुसऱ्या कुणापुढे मान खाली घालावी लागली आहे. इथे कारणं देत बसू नका, आधी "चुकलं माझं" म्हणा.

देवाच्या भरवशावर सोडणे म्हणजे आपल्या हातचं सगळं करून झाल्यावर वाट बघणे. यात श्रद्धा आहे. 'रामभरोसे' मात्र वेगळा. "तिथला कारभार रामभरोसे चाललाय" म्हणजे बघणारं कुणी नाही. शब्द दिसायला भक्तीचा, वापर टीकेचा. दोन्हींत गल्लत करू नका.

पाचवी पायरी: भरवशाचा, बेभरवशाचा

'चा' लावून विशेषण झालं की ते पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतं: भरवशाचा सुतार, भरवशाची डॉक्टर, भरवशाचं दुकान, भरवशाची माणसं. पुढच्या शब्दाला प्रत्यय असेल तर भरवशाच्या: भरवशाच्या माणसाला विचार, भरवशाच्या दुकानातून आण.

नवीन शहरात राहायला आलात की पहिल्या महिन्यात सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: "काकू, इथे कुणी भरवशाचा इलेक्ट्रिशियन आहे का?" 'चांगला' विचारलंत तर चार नावं मिळतील. 'भरवशाचा' विचारलंत की काकू क्षणभर थांबतील, आणि मग एकच नाव सांगतील. कारण भरवशाचा म्हणून नाव सांगितलं की सांगणाऱ्याचा शब्दही त्यात अडकतो.

बेभरवशाचा हा त्याचा उलटा. माणसाला, हवामानाला, धंद्याला, उत्पन्नाला लागतो. "सीझनचा धंदा, बेभरवशाचा." माणसाबद्दल वापरताना जपून. 'भरवसा नाही' हे तात्पुरतं असू शकतं, 'बेभरवशाचा' हा कायमचा शिक्का आहे.

आता भरवसा आणि खात्री यांतला फरक, कारण शब्दकोश हे दोन्ही एकमेकांच्या अर्थात देतो आणि नवख्या माणसाला वाटतं कुठलाही वापरला तरी चालेल.

एप्रिलात हापूसची पेटी घ्यायला जा. साल बघता येते. देठाशी वास घेता येतो. रंग, आकार, वजन हातात घेऊन कळतं. पेटीचा वरचा थर उचलून खालचाही बघता येतो. या सगळ्याची तुम्ही *खात्री* करून घेऊ शकता. पण आंब्यात साका असेल तर? साका म्हणजे कोयीजवळ गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस झालेला असतो. बाहेरून आंबा देखणा, वास घमघमीत, आणि चिरला की निम्मा फुकट. वरून बघून ते कळत नाही. तिथे तुमची खात्री संपते आणि आंबेवाल्यावरचा *भरवसा* सुरू होतो. म्हणूनच लोक वर्षानुवर्षं एकाच माणसाकडून पेटी घेतात, चार पैसे जास्त मोजून. "आमचा भरवशाचा आंबेवाला आहे" असं म्हणतात, 'खात्रीचा आंबेवाला' म्हणत नाहीत. आंबा खात्रीचा, आंबेवाला भरवशाचा.

तपासून बघता येतं तिथे खात्री, तपासता येत नाही तिथे भरवसा. हे सूत्र दहातल्या नऊ ठिकाणी लागू पडतं. गाडीचं तिकीट कन्फर्म आहे का, याची खात्री कर. मी स्टेशनवर घ्यायला येईन, यावर भरवसा ठेव.

खात्री स्त्रीलिंगी आहे: माझी खात्री पटली, खात्री करून घे. तिचाच कागदोपत्री भाऊबंद म्हणजे खातरजमा. बँकेत, सोसायटीच्या नोटिशीत, पोलिसांच्या सूचनेत "खातरजमा करावी" दिसलं की 'पडताळून बघा' असं समजा.

सहावी पायरी: आसपासचे शब्द

*विश्वास* संस्कृतातून आला, आणि भरवशापेक्षा मनाच्या जास्त जवळचा आहे. विश्वास माणसाच्या खरेपणावर, भरवसा त्याच्या कामावर. एकाच माणसाबद्दल दोन्ही वेगळे असू शकतात. "तो खोटं बोलणार नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण वेळेवर येईल याचा भरवसा नाही." असा मित्र प्रत्येकाला असतो. देवावर विश्वास आहे म्हणजे देव आहे असं मानतो, देवावर भरवसा आहे म्हणजे तो मला यातून बाहेर काढेल. विश्वास मोडला तर त्याला विश्वासघात म्हणतात. 'भरवसाघात' असा शब्दच नाही, आणि त्यावरून दोघांचं वजन कळतं.

विश्वासावरून एक वाक्य म्हाताऱ्या माणसांकडून ऐकाल: "विश्वास तर पानिपतात गेला!" तुम्ही विश्वास ठेवा म्हणालात की उत्तरादाखल येतं. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपताच्या लढाईत पडले. त्या नावावर केलेला हा श्लेष आहे. महाराष्ट्राच्या मनात ती लढाई अजून किती जवळची आहे, हे या चार शब्दांत कळतं.

त्यावरून झालेली तीन विशेषणं वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. विश्वासू माणसासाठी. औपचारिक पत्राच्या शेवटी सहीच्या वर 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू' लिहितात तोच. विश्वसनीय बातमीसाठी, सूत्रांसाठी. विश्वासार्ह संस्थेसाठी, माहितीसाठी, यंत्रणेसाठी. हे तिन्ही लिहिण्यातले शब्द आहेत. भाजीवाल्याला विश्वासार्ह म्हटलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील.

*भिस्त* आणि *मदार* हे दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींना 'वर' लागतो आणि आधी बहुतेक वेळा 'सगळी' किंवा 'सारी' येतं. घरात एकटीच कमावती असेल तर सगळी भिस्त तिच्यावर. मॅचच्या दिवशी पेपरात 'मदार फिरकीवर' असं वाचाल. भरवशात मनाची निश्चिंती आहे, भिस्त आणि मदार यांत नुसतं ओझं. दुसरा काही आधार नाही, म्हणून त्याच्यावर भिस्त.

*इमान* निष्ठेचा शब्द. कुत्रा इमानी असतो. घरी कामाला येणाऱ्या मावशींना मात्र कौतुकाने का होईना, इमानी म्हणू नका. त्यात मालक-नोकराचा जुना वास आहे. "आमच्या मावशी अगदी भरवशाच्या आहेत" म्हणा, यात बरोबरीचा मान आहे.

*हमी* कागदावरची असते. शेतमालाचा हमीभाव. १९७७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातली रोजगार हमी, जिला गावाकडे नुसतं 'रोहयो' म्हणतात. दुकानात मिक्सर घेताना सगळे गॅरंटीच म्हणतात, तुम्हीही म्हणा.

*शाश्वती* बहुधा नकारातच भेटते: "नोकरीची शाश्वती नाही", "उद्याची शाश्वती नाही."

सातवी पायरी: म्हण, आणि ती कुठे वापरायची नाही

'भरवशाच्या म्हशीला टोणगा.' ही म्हण तुम्ही आठवड्यात एकदा तरी ऐकाल. टोणगा म्हणजे रेडा, म्हशीचा नर. म्हैस गाभण आहे, घरच्यांनी मोठी आशा धरली आहे, कारण पारडी झाली तर ती पुढे दूध देणारी म्हैस होणार. दुभत्या जनावरावर चालणाऱ्या घरात तो पुढच्या कित्येक वर्षांचा हिशोब असतो. आणि जिच्यावर सगळ्यात जास्त आशा होती, तिलाच टोणगा झाला. ज्याच्यावर सर्वांत जास्त विसंबलो त्यानेच निराशा केली, असा अर्थ.

ऑफिसात, क्रिकेटमध्ये, निवडणुकीच्या गप्पांत ही म्हण बेलाशक वापरा. "शेवटच्या ओव्हरला त्यालाच बॉल दिला आणि त्यानेच वीस रन दिले. भरवशाच्या म्हशीला टोणगा!" पण दोन ठिकाणी नाही. जो माणूस चुकला त्याच्या तोंडावर नाही, कारण म्हशीची उपमा आहे. आणि कुणाच्या बाळंतपणाच्या, मुलगा-मुलगी झाल्याच्या बोलण्यात चुकूनही नाही. मूल कुणाचंही असो, मुलगा असो की मुलगी, तिथे ही म्हण अतिशय वाईट लागते, आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता हे नंतर पटवून देता येत नाही.

आठवी पायरी: तो शब्द न वापरता

एवढं शिकल्यावर एक गोष्ट लक्षात येईल. स्वतःबद्दल बोलताना मराठी माणूस भरवसा हा शब्द सहसा काढतच नाही. "माझ्यावर भरवसा ठेवा" हे भाषणातलं, जाहिरातीतलं वाक्य आहे. घरगुती बोलण्यात कुणी असं म्हणालं तर ऐकणारा उलट सावध होतो. भरवसा दुसऱ्याने तुमच्यावर ठेवायचा, आपला आपण मागायचा नाही.

मग काय म्हणतात? मोठ्या माणसाशी बोलताना "तुम्ही निर्धास्त राहा", "माझ्यावर सोडा", "मी बघतो ना". बरोबरीच्याला "नको टेन्शन घेऊ, करतो मी". आणि सगळ्यांत जास्त वेळा, आई मुलाला, भाऊ बहिणीला, शेजारी शेजाऱ्याला म्हणतो ते तीन शब्द: "मी आहे ना." म्हणायला सोपे, पण म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी खरंच हजर असावं लागतं.

तेव्हा शेजारचे काका किल्ली पुढे करून म्हणाले, "तुमच्या भरवशावर घर टाकून चाललोय हं," तर "हो, माझ्यावर भरवसा ठेवा" असं उत्तर देऊ नका. किल्ली घ्या, खिशात टाका, आणि म्हणा, "जा हो काका निवांत, मी आहे ना. तुळशीला पाणी सकाळी घालू की संध्याकाळी?"